हे कुणी केलंय?

गाडी घरी आली तो दसऱ्याचा दिवस. पार्किंगमध्ये बायको तबक घेऊन उभी, चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार आणि मर्सिडीज बघायला म्हणून खाली उतरलेले सोसायटीतले सात-आठ जण. मी रुबाबात किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली आणि उतरलो.

इंजिन चालूच.

आधी वाटलं, आनंदानं कान वाजत असतील. पण हारातले झेंडू थरथरत होते. परत आत बसलो, किल्ली घातली, फिरवली, काढली. इंजिन चालूच.

‘‘अहो, बंद करा की. ओवाळायचंय.’’

‘‘बंदच आहे,’’ मी किल्ली उंच धरून दाखवली.

‘‘मग हे काय वाजतंय?’’

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी धूर बेडरूममध्ये येतोय म्हणून ओरडलं. सोसायटीचे सेक्रेटरी ‘बॅटरीची वायर काढा’ म्हणाले. तीही काढून झाली. गाडीवर ढिम्म परिणाम नाही. शेवटी चौथा गिअर टाकला, ब्रेकवर उभा राहिलो आणि क्लच सोडून दिला. गाडीनं एक आचका दिला, पुढच्या दोन लिंबांचं सरबत झालं आणि शांतता पसरली. बायकोनं ओवाळलं. तबक गाडीभोवती फिरत होतं, नजर माझ्यावर होती.

या गाडीचं वेड मला १९९५ पासूनचं. त्या साली पिंपरीत, टेल्कोच्या आवारात, मर्सिडीजच्या ई-क्लासची जुळणी सुरू झाली. मी तेव्हा बँकेच्या तिथल्या शाखेत कॅशवर होतो. चहाला बाहेर आलं की एखादी नवीकोरी गाडी समोरून जायची, आणि परत पिंजऱ्यात बसून नोटा मोजताना हमखास एखादं बंडल दोनदा मोजावं लागायचं. निवृत्त झाल्यावर ग्रॅच्युइटीतले दोन लाख काढले आणि १९९६ सालची ई २५० डिझेल घेतली. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन ती जिवंत आहे हे दाखवावं लागतं. मला ते दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी दाखवावं लागतं. आमचं जमणार, हे तिथंच ठरलं होतं.

आरसी बुकावर मी चौथा मालक. आधीच्या तिघांचे धंदे तिथं लिहिलेले नसतात. ते मला नाना पेठेतल्या उस्तादांनी वाचून दाखवले.

या गाडीचं बॉनेट एका खटक्यावर सरळ उभं, काटकोनात उघडतं. उस्तादांनी ते उभं केलं, विडी विझवली, आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे कुणी केलंय?’’

हा प्रश्न म्हणजे आपल्याकडची नांदी आहे. प्लंबर नळाखाली वाकला की हाच विचारतो, दाताचा डॉक्टर जबडा उघडून हाच विचारतो, आणि बदलीवर आलेला प्रत्येक ब्रँच मॅनेजर पहिल्या आठवड्यात लेजर उघडून हाच विचारतो. मीही विचारलाय. आधीचा माणूस मूर्ख होता हे एकदा सर्वानुमते ठरलं की कामाला गती येते.

उस्तादांनी इंजिनाशेजारून एक पारदर्शक नळी उपसून काढली. उष्णतेनं पिवळी पडून तडकलेली. तिच्यावर पांढऱ्या प्लास्टिकची एक चक्री होती. दोन सेकंदांत दोघांच्याही लक्षात आलं. सलाईनची नळी! उस्तादांनी चक्री अंगठ्यानं खालीवर फिरवली. ‘‘ह्यानं व्हॅक्यूमचे थेंब मोजायचे होते काय?’’

मग त्यांनी मला दसऱ्याचा चमत्कार उलगडून सांगितला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. डिझेल मिळतंय तोवर ते चालत राहणार, तुम्ही बॅटरी काढा नाहीतर बोंब मारा. या गाडीत किल्ली बंद केली की एका बारीक नळीतून व्हॅक्यूम डिझेलच्या पंपापर्यंत पोचतो आणि तिथला पडदा ओढून पुरवठा तोडतो. नळी असते बॉलपेनच्या रिफिलएवढी, कडक, टोकाला रबरी कोपर. ती कुठं फुटली, की किल्ली म्हणजे नुसता दागिना. ‘‘आणि हे बघा,’’ म्हणत त्यांनी पंपाजवळचा एक लाल खटका दाखवला. त्यावर ‘स्टॉप’ असं लिहिलेलं. दाबला की इंजिन बंद. जर्मन माणसानं सगळ्याची सोय केली होती. चार लिंबांची आणि माझ्या अब्रूची किंमत एका बोटाएवढी होती.

तर तिसरा मालक डॉक्टर. पुढं पुरावे वाढतच गेले. फ्यूजची पेटी उघडली. तिथं सोळा अँपियरचे लाल आणि आठचे पांढरे असे छोटे फ्यूज असायला हवेत. दोन जागी गोळ्यांच्या पाकिटाची चांदी गुंडाळून बसवलेली होती. एकीवर ‘एक्सपायरी मार्च २०११’ स्पष्ट वाचता येत होतं. वायर पेटली असती, पण हिचा फ्यूज उडाला नसता. डॅशबोर्ड सोडवला तर एबीएसच्या दिव्यावर आतून मायक्रोपोरची चिकटपट्टी. म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरच झाकून ठेवलेला. मात्र मागच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन पाहून उस्ताद गप्प झाले. काळ्या धाग्याचे अकरा टाके, सगळे एका मापाचे, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ. त्यांनी त्यावरून हलकेच बोट फिरवलं. ‘‘हात चांगलाय साहेब. फक्त पेशंट चुकला.’’

दुसरा मालक बांधकामातला. सायलेन्सर बाइंडिंग वायरनं टांगलेला, तीही सेंट्रिंगवाल्यांची पिळाची गाठ मारून. इंजिन ज्या माउंटिंगवर बसतं त्यातल्या एकाच्या जागी खडी वाहणाऱ्या पट्ट्याचा चौकोनी तुकडा. थांबलेल्या गाडीत माझी कवळी का वाजते, त्याचा उलगडा झाला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून पडलेलं भोक त्यानं चक्क सिमेंटनं बुजवलं होतं आणि, धंद्याला जागून, वर ओलावा रोखणारं काहीतरी फासलं होतं. मी घरच्या फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती नेऊन डाव्या मडगार्डला लावला. गणपती घसरून खाली आला. तिथं पत्रा नव्हताच, दोन बोटं पुट्टी होती.

आणि वायपर. या गाडीला एकच वायपर. तो नुसता अर्धवर्तुळ काढत नाही. कोपऱ्याकडे जाताना हात लांबवतो आणि वर उडी मारून काचेचा ८६ टक्के भाग पुसून येतो. भर पावसात बघत राहावं असं ते यंत्र आहे. कंत्राटदारानं तिथं वेल्डिंग मारून त्याची उडीच बंद केली होती. सिमेंट मी माफ केलं. हे नाही.

पहिला मालक कुठलीतरी कंपनी असावी. तिची एकही खूण सापडली नाही. गाडी नवी असताना सगळेच सज्जन असतात.

काम दहा महिने चाललं. नळ्या आणि कोपरं मुंबईहून आली, माउंटिंग दिल्लीहून, वायपरची पेटी कुर्ल्याला भंगारात निघालेल्या एका सख्ख्या बहिणीची मिळाली. खर्च दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे गाडीपेक्षा गाडीतली माणसं काढायला जास्त लागले. बायको गाडीचं नाव घेत नसे. ‘‘तुमची ती कधी येणार?’’ असं एकदा तिनं मला मोठ्यांदा विचारलं आणि त्याच वेळी तिच्या बहिणीचा फोन चालू होता. त्याचं स्पष्टीकरण अजून पुरतं पटलेलं नाही.

पण आली. किल्ली फिरवली, एक श्वास घेण्याइतका वेळ गेला आणि इंजिन गप्प झालं. बाहेरून कुलूप लावलं. या गाडीची कुलपंही हवेवर चालतात, मागच्या सीटखाली त्यांचा वेगळा पंप आहे. तो हलकेच घुरघुरला आणि चारी दारांच्या खुंट्या निमूटपणे खाली बसल्या. त्या संध्याकाळी मी गाडी नऊ वेळा बंद केली. सेक्रेटरी गॅलरीत येऊन मोजत होते.

पुढच्या हिवाळ्यात साताऱ्याला निघालो. शिरवळला चहाला थांबलो, किल्ली काढली. इंजिन चालूच. बायको काही बोलली नाही, तिनं फक्त पर्समधून लिंबू-सरबताच्या गोळ्या काढल्या. मी मात्र आता जाणता होतो. बॉनेट उभं केलं, लाल खटका दाबला, इंजिन बंद. टॉर्च मारून पाहिलं तर नळीच्या टोकाचं एक कोपर सैल पडून निसटलं होतं. नवं कोपर शिरवळला कुठलं? गाडीच्या कागदांची फाइल कप्प्यात होती. तिचा हिरवा टॅग ओढून काढला, कोपर जागेवर दाबलं, टॅगचे तीन वेढे घेतले आणि गाठ मारली. चौतीस वर्षं व्हाउचरं बांधलेला हात आहे. गाडी साताऱ्याला गेली, आली, प्रत्येक वेळी मुकाट बंद झाली. उस्तादांना सांगायचं राहून गेलं.

मे महिन्यात ऑइल बदलायला नेली. उस्तादांनी बॉनेट उभं केलं, विडी विझवली, आत वाकले आणि थबकले.

‘‘साहेब, हे कुणी केलंय?’’

‘‘तो डॉक्टर हो,’’ मी म्हणालो. ‘‘मागं बघायचं राहिलं असेल.’’

उस्तादांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. हिरव्या टॅगच्या टोकाची पितळी पट्टी नखानं जराशी उचलून पाहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘डॉक्टरच्या गाठी मी बघितल्यात, साहेब.’’