नानांचा मृतसाठा

माजलगावच्या माणसाला साठा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. सकाळी पेपर आला की मयत-जाहिरातींच्या आधी नजर जाते ती धरणाच्या चौकटीवर. सिंदफणेवरचं हे धरण काठोकाठ भरलं तर सुमारे ४५४ दशलक्ष घनमीटर पाणी, आणि त्यातलं १४२ मृतसाठ्याचं. मृतसाठा म्हणजे पाणी असतं, डोळ्यांना दिसतं, म्हशी त्यात डुंबतात, पण ते कालव्याच्या तोंडाखाली असल्यामुळं आपणहून शेतापर्यंत येत नाही. पाऊस लांबला की चौथीतलं पोरगंसुद्धा मोठ्या माणसासारखं सांगतं, "धरण जोत्याखाली गेलं."

आमचे नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. तीस वर्षं त्यांनी हे आकडे रजिस्टरात उतरवले. आज किती आलं, किती गेलं, किती उरलं. निवृत्त झाल्यावर धरण सुटलं, पण उतरवून ठेवायची खोड सुटेना. त्याच सुमाराला घरात कॉम्प्युटर आला आणि नानांना आयुष्याचं दुसरं धरण सापडलं.

तुमच्याही गल्लीत एक नाना असणार. शर्टाच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी पेन ड्राइव्ह असतो. कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत विचारतात, "तुमच्याकडं नवीन काय हाय?" तुमच्याकडं काय असणार? कुणाच्या बारशाचे फोटो, कीर्तनाची ध्वनिफीत, सोयाबीनवरच्या अळीची माहिती, एखादा अर्धवट पिक्चर. नाना ते सगळं भरून घेतात. बारसं कुणाचं, अळी कुठली, पिक्चर कोणत्या भाषेतला, हे त्यांना विचारायचं नसतं. एकदा त्यांच्या डिस्कमध्ये मला कन्नड भाषेतला योगासनांचा अख्खा अभ्यासक्रम सापडला. मी म्हटलं, "नाना, हे कशाला?" तर म्हणाले, "आसू दे. खायला मागतंय का?"

नानांचा सगळा ऐवज पत्र्याच्या पेटीत आहे. एरवी अशा पेटीत लग्नातला शालू आणि जमिनीची कागदपत्रं असायची. नानांची पेटी उघडली की आधी वास येतो कडुलिंबाचा. ज्वारीच्या कणगीत पाला घालतात तसा त्यांनी तो सीड्यांच्या थरांमध्ये घातलेला आहे. तळाला फ्लॉप्या. साडेतीन इंची, काळ्या आणि निळ्या. एकीत १.४४ एमबी मावायचं; आजच्या मोबाइलचा एक फोटोसुद्धा त्यात बसत नाही. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी आणि नानांचं कारकुनी अक्षर: 'महत्त्वाचे', 'अति महत्त्वाचे', 'महत्त्वाचे (जुने)'. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक बारीक प्लास्टिकची खिट्टी असते. ती सरकवून भोक उघडं केलं की वाचता येतं, लिहिता येत नाही. नाना नखानं ती खिट्टी सरकवायचे आणि "कडी लावली" असं म्हणून मगच पेटी बंद करायचे. आता घरात फ्लॉपी घालायचं यंत्र नाही, तालुक्यात कुठं असेल असं वाटत नाही, पण कड्या सगळ्या लावलेल्या आहेत.

फ्लॉप्यांवर सीड्यांचा थर. हा प्रकार नानांना मनापासून आवडला, कारण सातशे एमबी आणि शिवाय आरशासारखी चकचकीत. त्यांनी दिवसाला दोन याप्रमाणं सीड्या 'भाजल्या'. भाजणं हा शब्द त्यांना दुकानातल्या पोरानं दिला आणि घोळ तिथं झाला. पहिल्याच पावसाळ्यात पेटीत ओल शिरली. भाजलेल्या वस्तूला ओल लागली तर काय करायचं हे मराठवाड्यातल्या घराला सांगायला नको. उन्हाळा लागल्यावर नानांनी धाब्यावर चादर अंथरली आणि कुरडयांच्या शेजारी दोनशे सीड्या वाळत घातल्या. नानींच्या कुरडया एका बाजूला, नानांचं वाळवण दुसऱ्या बाजूला, मध्ये कावळे हाकायला काठी. कावळे मात्र त्या दिवशी फिरकले नाहीत.

घरी भाजलेल्या सीडीत माहिती असते ती रंगाच्या एका पातळ थरात. लेसरचा किरण त्या रंगावर डाग पाडतो, आणि डाग आहे की नाही यावरून यंत्र वाचतं. आपल्या वैशाखाच्या उन्हात साडीचा रंग टिकत नाही, तिथं हा किती टिकणार? चार दिवसांत दोनशेपैकी बऱ्याच सीड्या मुक्या झाल्या. त्या पुढं शेतात गेल्या. ज्वारी हुरड्याला आली की नाना त्या दोऱ्यात ओवून बांधतात. वाऱ्यानं फिरतात, ऊन परतवतात, पाखरं बिचकतात. एका तारेवर माझ्या मुंजीची सीडी आहे. मी सुट्टीत गेलो की तिला लांबून नमस्कार करतो.

पेन ड्राइव्हशी नानांचं पहिलं भांडण झालं ते मापावरून. सोळा जीबीचा म्हणून आणला आणि लावला तर कॉम्प्युटर म्हणतो १४.९. नाना ताडकन उठले. "काटा मारलाय!"

आमच्या भागात ऊस पिकतो. काटा मारणं म्हणजे काय, हे इथं रक्तातून येतं. गाडी भरून नेलेला ऊस काट्यावर हलका होतो तेव्हा शेतकरी ज्या नजरेनं काट्याकडं बघतो, त्या नजरेनं नाना पेन ड्राइव्हकडं बघत होते. दुकानदाराशी दीड तास वाद झाला. शेवटी मला बोलावणं आलं. मी सांगितलं की बनवणारा हजाराच्या हिशोबानं मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या. त्याचा एक किलो हजाराचा, ह्याचा किलो एक हजार चोवीसचा. माल तेवढाच, वजनं वेगळी. म्हणून पाचशे जीबीची डिस्क ४६५ दाखवते.

"म्हंजे चोरी न्हाई?"

"नाही."

"मग दोघं एकच वजन कामून वापरत न्हाईत?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. नानांनी दुकानदाराचा चहा घेतला, पण रजिस्टरात त्या पेन ड्राइव्हपुढं 'तूट १.१' अशी नोंद केली. हो, रजिस्टर आहे. साठ्याचा साठा त्यात आहे.

खरी चोरी झाली तेव्हा मात्र नानांना पत्ता लागला नाही. आठवडी बाजारात एका हातगाडीवर त्यांना दोन टीबीचा पेन ड्राइव्ह तीनशे रुपयांत मिळाला. दोन हजार जीबी! कॉम्प्युटरला लावला तर आकडाही बरोबर दिसला. नानांनी महिनाभर रात्रीचा दिवस करून त्यात सगळं ओतलं. लाईट जायची, पुन्हा यायची, नाना पुन्हा ओतायचे. भरून झाल्यावर उघडलं तर फाइलींची नावं सगळी जागच्या जागी आणि आत काही नाही. असल्या मालात चिप असते आठ-सोळा जीबीची आणि तिला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आठ भरले की ती पुढचं जुन्यावरच लिहीत सुटते आणि नावं तेवढी राखते. हे मी नानांना समजावत होतो तेव्हा चहा गाळणाऱ्या नानीच म्हणाल्या, "कागदावरची विहीर म्हना की." तंत्रज्ञानावरची बरीच पुस्तकं मी वाचली आहेत, इतकी नेमकी व्याख्या कुठल्याच पुस्तकात सापडली नाही.

बॅकअप ही कल्पना नानांना शिकवावी लागली नाही. "माजलगाव आटलं की पैठणहून उजव्या कालव्यानं पाणी येतंय. नाथसागर आपला बॅकअप," असं त्यांनीच मला सांगितलं. जाणकारांचा नियम असा की महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. नानांनी नियमातला 'महत्त्वाच्या' हा शब्द वगळून बाकी सगळा अमलात आणला. आधी फ्लॉप्या सीडीवर घेतल्या. सीड्या ऐंशी जीबीच्या डिस्कवर. ती डिस्क पाचशेच्या डिस्कवर आणि जोखीम नको म्हणून सीड्या पुन्हा वेगळ्या. त्यामुळं आज त्यांच्या डिस्कमध्ये 'नवीन फोल्डर'च्या पोटात 'जुनं सगळं', त्याच्या पोटात 'सीडी सगळ्या', त्याच्या पोटात 'नवीन फोल्डर (२)' असा गर्भवास आहे. कन्नड योगासनं अकरा ठिकाणी आहेत.

पाचशेची डिस्क मध्ये एकदा नानींच्या केरसुणीच्या धक्क्यानं फळीवरून पडली. फिरणाऱ्या डिस्कमध्ये मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी असते आणि तिच्यावरून वाचणारं डोकं केसाच्या जाडीच्या कित्येक हजाराव्या हिश्श्याइतक्या अंतरावर तरंगत असतं. तिथं धूळ चालत नाही, केरसुणी तर नाहीच. नानांनी डिस्क कानाला लावली. आतून टक, टक, टक. डॉक्टरनं नाडी सोडून घरच्यांकडं बघावं तसं त्यांनी आमच्याकडं बघितलं. तीन दिवस जेवण नीट गेलं नाही. काय काय गेलं असं विचारल्यावर मात्र एकही नाव सांगता आलं नाही. "सगळंच गेलं," एवढंच. खरं तर काहीच गेलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. त्याच्या चार प्रती पेटीत होत्या.

नानांची मुलगी म्हणाली, "नाना, आता हे सगळं क्लाऊडवर टाका."

"क्लाऊड म्हंजे?"

"ढग."

नाना अंगणात गेले. आषाढातलं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. आत येऊन म्हणाले, "ढगाच्या भरवशावर माझ्या बापानं तीन पेरण्या घालवल्या." मी मध्ये पडलो. म्हटलं, नाना, ढग नुसता नावाला. आपली माहिती असते कुठल्यातरी शहरातल्या मोठ्या इमारतींतल्या यंत्रांमध्ये, ऐरोली-रबाळ्याकडंही अशा इमारती आहेत. "मग नवी मुंबई म्हना की! ढग कामून म्हनता?" तरी फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी फोटो चढवले. १ जून २०२१ पासून गुगलनं फोटोंची अमर्याद फुकट जागा बंद केली आणि सगळं मिळून पंधरा जीबीची मर्यादा लागली. नानांनी सुस्कारा सोडला, "छावणी उठली. घ्या जनावरं घरी."

मागच्या दिवाळीत मी त्यांना चिडवावं म्हणून सांगितलं की १९५६ साली अमेरिकेत आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क काढली. दोन-दोन फूट रुंदीच्या पन्नास तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि मावायचं जेमतेम पाच एमबी. नाना खूश झाले. "बैलगाडीभर डिस्क न् फोटो एक! आन् मलाच नावं ठेवतोस व्हय?"

त्याच रात्री त्यांनी मला एक फाइल उघडून दाखवायला सांगितली. १९९९ सालची. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, घराण्याची सगळी हकिकत सांगितली होती: कोण कुठून आलं, कुणी कुठली जमीन विकली, निजामाच्या काळात कोण कुठं लपलं. नानांनी ती डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतली होती. आबा पुढच्याच वर्षी गेले. फाइल मात्र फ्लॉपीतून सीडीत, सीडीतून डिस्कवर, पडझडीतून वाचत इथवर आली होती. एक बाइटही कमी नाही. मी उघडली. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं, स्वल्पविराम यांची आठ पानं. त्या काळी मराठी ज्या फॉन्टात टाइप व्हायची तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नव्हता आणि कोणता होता ते आठवणारं पोरगं दुकान बंद करून पुण्याला गेलेलं.

नानी वाकून बघत म्हणाल्या, "आबांचंच बोलनं हाय. त्यांचंबी काही कळत नसायचं."

नाना हसले नाहीत. जरा वेळानं म्हणाले, "आपल्या पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट माहितंय का?" माहीत होता. गोदाकाठचं ते गाव आमच्याच तालुक्यातलं, अधिक महिन्यात तिथं जत्रा असते. रामचंद्रदेव यादवाच्या काळचा तो ताम्रपट शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा, आणि वा. वि. मिराशींनी तो वाचून छापला.

"सहाशे वर्षांनी वाचला ना कुणीतरी?"

"वाचला."

"मग ह्येबी वाचंल कुणीतरी. वाचायचं काम माझं न्हाई. माझं ठिवायचं."

फॉन्ट कोणता ते कळलं तर ती आठ पानं मिनिटाभरात मराठीत येतील, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते रजिस्टरात लिहून घेतलं: 'फॉन्ट शोधणे'. तारीख घातली, खाली सही केली आणि कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी माजलगावच्या स्टँडवर मी पुण्याच्या गाडीत बसलो. नानींनी दिलेली पिशवी मांडीवर, तिच्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. गाडी फलाटावरून मागं निघाली तेवढ्यात खिडकीवर थाप पडली. नाना धापा टाकत होते. त्यांनी खिडकीतून एक पुडी आत दिली. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला पेन ड्राइव्ह, वर रबर, आत कडुलिंबाची दोन पानं. माझ्या पुण्यातल्या कपाटात अशा आठ पुड्या आहेत, ही नववी.

"एक प्रत दुसऱ्या गावी," नाना ओरडले. कंडक्टरनं घंटी मारली. नाना गाडीबरोबर चार पावलं चालत आले.

"उघडत बसू नको बरं का. नुस्ती ठिव!"