स्वर्ग दोन बोटं

नवी गाडी दारात आली की लोक काय विचारतात ते ठरलेलं आहे. केवढ्याला पडली, ॲव्हरेज किती देते, लोन काढलं की रोख. पण सातारा-सांगली पट्ट्यात हल्ली गल्लीगणिक एक तरी असा निघतो, जो यातलं काहीच विचारत नाही. कंदी पेढा तोंडात टाकतो, पुढच्या चाकापाशी उकिडवा बसतो आणि टायर नि मडगार्डची कमान यांच्यामधल्या फटीत बोटं आडवी घालतो. चार बोटं सहज आत जातात. मग तो उठतो, गुडघे झटकतो आणि सांत्वनाला आल्यासारख्या आवाजात म्हणतो, "गाडी छान हाय. पर लय वर हाय."

जगातल्या सगळ्या गाड्यांबद्दल त्याचं हेच मत असतं. एसटी तर तो गाड्यांत धरतच नाही. ती त्याच्या लेखी इमारत. चार बोटं म्हणजे शोरूममधून उचलून आणलेली, अजून संस्कार न झालेली गाडी. तीन बोटं म्हणजे मालकाला कळतंय, पण घरचे ऐकत नाहीत. दोन बोटं म्हणजे नाद. स्वर्ग दोन बोटं उरला असं आपण एरवी उगाच म्हणतो. यानं तो मोजलेला असतो.

त्याचं नाव बंटी, पिंट्या, बाब्या काहीही असू शकतं. आपण सोन्या म्हणू. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. आठवडाभर साताऱ्याच्या एमआयडीसीत पाळ्या, रविवारी गावाकडं अडीच एकर उसाची देखरेख. देखरेख म्हणजे बांधावर गाडी लावून फोटो. गाडी पांढरी स्विफ्ट, एमएच 11. नंबर 8055 हवा होता, म्हणजे पाटीवर जरा लाडानं काढला की 'बॉस' दिसतो. पण तो आधीच कुणीतरी नेलेला, म्हणून 4141 वर 'दादा' होऊन भागवलं. मागच्या काचेवर 'अण्णांची पुण्याई'.

अण्णा म्हणजे वडील. त्यांची गाड्यांमधली पुण्याई एवढीच, की त्यांनी उभा जन्म एका प्रिया स्कूटरवर काढला. प्रिया साताऱ्यातच, महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात तयार व्हायची, त्यामुळे ती रस्त्यात बंद पडली तरी अण्णांना तिचा राग येत नसे. घरचंच माणूस रुसल्यासारखं वाटे. सकाळी तिला एका अंगावर कलंडवायचं, क्षणभर तसंच धरायचं आणि मग किक. एवढ्या वर्षांत त्यांनी तिच्यात एकच फेरफार केला, सीटला कव्हर घातलं. तेही फाटल्यावर.

सोन्यापुढचा पेच मात्र मोठा होता. गाडी खाली घ्यायची, यात दुमत नव्हतं. पण कशी? लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

ज्यांच्या घरात या विषयावर अजून भांडण झालेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीचं वजन तोलते ती स्प्रिंग, आणि खड्ड्यातून बाहेर पडल्यावर ती नाचत राहू नये म्हणून तिला आवरतो तो शॉकप. लोअरिंग स्प्रिंग म्हणजे शॉकप कंपनीचाच ठेवायचा आणि स्प्रिंग तेवढी आखूड नि कडक घालायची. गाडी इंच-दीड इंच बसते, खर्च बेतात राहतो. गोम अशी, की शॉकप बनवलाय कंपनीच्या मऊ स्प्रिंगला आवरायला. आता त्याच्या गळ्यात कडक स्प्रिंग पडते, आणि तीही तो आधीच निम्मा दबलेला असताना, जिथं त्याला खाली जायला जागाच थोडी. मग तो लवकर थकतो आणि तेल गाळायला लागतो. कॉइलओव्हरमध्ये स्प्रिंग आणि शॉकप एकमेकांना साजेसे असे जोडीनंच येतात. नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यावरची चकती पान्यानं फिरवली की गाडी वर किंवा खाली. चांगल्यापैकी घेतले तर वरती एक खटका असतो, तो फिरवून शॉकप किती कडक ते ठरवायचं. किंमत लाखाच्या आसपास जाते.

तिसरा मार्ग या दोन्हींहून जुना: ग्राइंडर घ्यायचा आणि कंपनीच्याच स्प्रिंगचा एक वेढा कापून टाकायचा. खर्च मिस्त्रीच्या चहापाण्याचा. सोन्याच्या एका मित्रानं तो पत्करला होता. यवतेश्वरच्या घाटातून कासकडं चढताना एका खड्ड्यात चाक लोंबलं, आखूड झालेली स्प्रिंग बैठक सोडून तिरकी झाली, आणि कासची फुलं त्यानं त्या वर्षी इतरांच्या स्टेटसवर बघितली. हा मित्र आता दोन्ही पंथांचे लोक दाखला म्हणून देतात.

सोन्यानं अभ्यास केला. पोरानं दहावीला एवढा केला असता तर, असं अण्णा म्हणायचे, पण खरं सांगायचं तर दहावीला एवढं काही होतंच कुठं? लेनेस्टाट आणि फिनेनट्रॉप ही जर्मनीतली शेजारशेजारची गावं त्याला मेढा-पाटणपेक्षा जवळची झाली, कारण एकात एच अँड आरच्या स्प्रिंगा होतात आणि दुसऱ्यात आयबाखच्या. तैवान म्हणजे बीसी रेसिंग, जपान म्हणजे टाइन. भूगोलाच्या मास्तरांनी जग असं शिकवलं असतं तर वर्गातली निम्मी पोरं पुढं गेली असती.

कायदाही त्यानं वाचला. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं मुळात दिलेल्या रचनेत वेगळेपणा येईल असा बदल करू नका. 2019 साली जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. दुसरा कुणी इथं थांबला असता. सोन्याला एवढीच शंका पडली, की चार स्प्रिंगा हा एक बदल धरतात की चार?

अखेर निकाल लागला तो पैशावर. आमच्याकडं मोठे निर्णय साखर कारखाना घेतो. ऊस गेला की पहिली उचल येते. ती सोसायटीच्या कर्जात आणि खताच्या उधारीत जाते. पुढचा हप्ता येतो, येणार म्हणतात, किंवा त्यासाठी आंदोलन होतं. त्या वर्षी आला, पण कॉइलओव्हर येतील एवढा नाही आला. स्प्रिंगा आल्या. उचल घेऊन गाडी खाली बसवणारा हा बहुधा एकमेव पीकपट्टा असावा.

आता सांगली. सोन्याची थोरली बहीण विश्रामबागेत दिलेली. दाजींकडं पोलो. 2022 साली पोलोची विक्री बंद झाली, तेव्हा दाजींनी दोन दिवस दाढी केली नव्हती. दाजी कॉइलओव्हर पंथाचे, आणि पंथाला शोभेल असे कडक. मिरजेत सतारीच्या खुंट्या पिळाव्यात तसे ते दर रविवारी गाडीचे खटके पिळतात; एक टिचकी इकडं, एक तिकडं, मग कॉलनीला एक फेरी, डोळे अर्धे मिटून.

सांगलीच्या माणसाला कृष्णेची पातळी तोंडपाठ असते. आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. दाजींनी गाडीलाही तशाच दोन पातळ्या काढल्या आहेत. नळीवर पांढरी खूण म्हणजे इशारा, लाल म्हणजे धोका. लालच्या खाली गाडी फक्त फोटोपुरती.

दाजी-मेहुण्यांचा वाद दर सणाला रंगतो. एकदा जेवणानंतर दाजींनी सुपारी कातरत सिद्धांत मांडला. "पाव्हणं, स्प्रिंग म्हंजे ठरवून केल्यालं लगीन. एकदा बसली की बसली. परत वर न्हाई, खाली न्हाई."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "आणि कॉइलओव्हर म्हंजे काय वो?" ताईनं विचारलं.

दाजींनी सुपारी बारीक कातरायला घेतली, ती बराच वेळ बारीक होत राहिली.

ही गाडी जवळून बघायची तर तीत बसावं लागतं. भाऊबीजेला सोन्या सांगलीला निघाला, मलाही मिरजेला बहिणीकडं जायचं होतं. माझं वजन विचारून मला घेतलं. अण्णांनी लेकीसाठी अर्धं पोतं तांदूळ काढून ठेवला होता. तो बघून सोन्याचा चेहरा उतरला. "अण्णा, पेढं चालतील. पोतं नगं." पोतं आलंच. मग बसण्याची व्यवस्था लावली: अण्णा पुढं, मी मागं मधोमध, पोतं माझ्या पायाशी. एखाद्या होडीत बसवतात तसं.

पोवई नाक्याचा भुयारी रस्ता गुळगुळीत, तिथं सोन्यानं गाडी अशी काढली की अण्णासुद्धा गप्प. महामार्गावर शेंद्र्यापासून पुढं सहापदरीकरणाचे वळणरस्ते. तिथं तो खड्ड्यांना ओळखीच्या माणसासारखा चुकवत गेला. हे कबूल करायला हवं, की रस्त्याकडं इतक्या बारकाईनं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुठल्या पुलाच्या सांध्याला उंची आहे, कुठल्या पंपाच्या तोंडाशी चढ आहे, सगळं पाठ. गतिरोधकाचं माप त्याला येतं: भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. स्विफ्टची पोटाखालची मोकळी जागा 163 मिलिमीटर. त्यातून स्प्रिंगांनी 40 खाल्ले, राहिले 123. म्हणजे नियमातल्या गतिरोधकावरून गाडी 23 मिलिमीटर राखून जाते. रिकामी असली तर. आणि गतिरोधक नियमातला असला तर.

पेठ नाक्याला वळलो, ईश्वरपूर गेलं, आष्टा गेलं. पुढं एका गावात शाळेसमोर तो गतिरोधक होता. त्याच्या उंचीत गावकऱ्यांचा पोरांवरचा जीव दिसत होता. सोन्यानं ब्रेक लावला, काच खाली केली, मान बाहेर काढून बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "उतरा."

आम्ही उतरलो. पोतंही उतरवलं. गाडी तिरकी घ्यायची, एकावेळी एकच चाक चढवायचं. अण्णा पुढं उभे राहून हात करत होते, "ये... ये... डावीकडं घे... आरं डावीकडं म्हंतोय!" मी वाकून चेंबर बघत होतो, कारण चेंबर फुटला तर ऑइल रस्त्यावर आणि भाऊबीज गॅरेजमध्ये. पुढचं डावं चाक चढलं. पुढचं उजवं चढलं. मग पोटाखालून दात खाल्ल्यासारखा आवाज आला, आणि सोन्यानं डोळे मिटले. तो आवाज गाडीचा नाही, त्याच्याच कुठल्यातरी बरगडीचा असावा तसे.

तोवर मागं ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येऊन थांबला होता, टेपवर गाणी चढ्या आवाजात. एक ऊसवाली बैलगाडी तर कडेनं काढून त्याच गतिरोधकावरून सावकाश पुढं निघूनही गेली. बैलांनी वळून बघितलं नाही, एवढा समंजसपणा त्यांनी दाखवला. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बारीक केलं.

"मोडली काय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"मग?"

"लोअर हाय."

ट्रॅक्टरवाल्यानं थोडा विचार केला. "मग वर घ्या की."

सोन्याच्या वर्मी बसलं. स्प्रिंगवाल्याला नेमकं तेवढंच करता येत नाही. सांगलीवाडी येईस्तोवर तो एक शब्द बोलला नाही. आयर्विन पुलावर मी पाण्याचा विषय काढून बघितला, उपयोग झाला नाही.

विश्रामबागेत पोचलो तर दाजी दिसेनात. पोलो जॅकवर, चारी चाकं काढलेली, आणि खालून सणाच्या नव्या लेंग्यातले दोन पाय बाहेर. ताई दारात ताम्हण घेऊन उभी, चेहऱ्यावर रागाच्या पलीकडचं काहीतरी. उद्या सगळ्यांना औदुंबरला न्यायचं, तिकडच्या रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून दाजी सकाळपासून गाडी वर घेत होते. पांढऱ्या खुणेच्या वर. त्याच्याही वर. आटे संपेपर्यंत.

चाकं लागली, जॅक काढला. अण्णा पुढं गेले, धोतर सावरून उकिडवे बसले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी कमानीखाली बोटं घातली.

"चार," अण्णा म्हणाले. "म्हंजे कंपनीची हुती तेवढीच की, पाव्हणं."

"व्हय, मामा," दाजी हात पुसत म्हणाले.

"आणि पैसं किती गेलं म्हणायचं?"

"लाखाला जरा कमी."

अण्णा बराच वेळ त्या फटीकडं बघत राहिले. "मग कंपनीनं काय वाईट दिली हुती?"

दाजींनी पाना पुसून त्याच्या पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद आवळला. "मामा, कंपनीची ॲडजस्टेबल नव्हती."

मी सोन्याकडं बघितलं. तो पोलोच्या चाकापाशी बसून नळीवरच्या चकतीवरून अंगठा फिरवत होता, एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं.

"अण्णा," तो वर न बघता म्हणाला, "औंदा पहिली उचल कवा पडायची?"