मगरीला उठवणाऱ्या भाऊंस

एमएच १८च्या गाडीतून उतरलेले टोपीवाले भाऊ यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात मगरींच्या खंदकापाशी तुमचं दर्शन झालं. तुम्ही धुळ्याचे, मी जळगावचा. पुण्यात ‘मरेल शे का जित्ती शे रे हाई?’ असं कानावर पडलं की कसं बरं वाटतं! ओळख काढायला पुढे सरसावलो, तोवर तुम्ही खाली वाकून खडे वेचलेत आणि तपासणी सुरू केलीत. पहिला पाण्यात गेला. दुसरा पाठीवरच्या खवल्यांवर टण्णकन आपटला. तिसऱ्याला तिनं उघडा जबडा मिटला आणि सरपटत पाण्यात गेली. पोराकडे असं पाहिलंत, जणू सातपुड्यात वाघ लोळवलाय.

मगर थंड रक्ताची, भाऊ. ऊब हवी म्हणून ती उन्हात पडते, ऊब जास्त झाली की जबडा उघडा टाकते, तेवढ्यानंही भागेना की पाणी गाठते. अशी काटकसर, म्हणून एकदा पोटभर जेवली की महिनोन्‌महिने काढू शकते. ती निवांत पडली होती, म्हणजे तिचं काम चोख चाललं होतं. तुम्हाला मात्र तिकिटाचे पैसे बुडाल्यासारखे वाटले. मे महिन्यात जेवून तुम्ही कूलरपुढे आडवे होता, तेव्हा जिवंत आहात का हे पाहायला कोणी गोटे मारत नाही. शेजारी चांगले मिळालेत.

सरकारनंही तुमची दखल आधीच घेऊन ठेवली आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम ३८-जे. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला छेडलं, इजा केली, नुसता कचरा टाकला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तुमचे भाऊबंद परदेशातही आहेत. २०१७ साली ट्युनिसच्या प्राणिसंग्रहालयात त्यांनी दगड घालून मगर मारलीच. मेली की जिवंत, हा प्रश्नच मिटला.

मग तुम्ही सापांकडे वळलात. नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली हे सर्पोद्यान उभं केलं, ते लोकांच्या मनातली सापाची भीती जावी म्हणून. तुमची पार गेलेली दिसली. नागाच्या काचेवर अंगठीनं टकटक केलीत. (अंगठी जळगावच्या सोन्याची असावी, आवाज खणखणीत होता.) नागाला बाहेर कान दिसत नाहीत, पण हादरा जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतो. नागपंचमीला वारुळापुढे दूध ठेवून हात जोडता ना? तोच हा.

निघताना रिकामी बाटली खंदकात टाकलीत. कर्मचारी लांब काठीनं ती काढत होता, तेव्हा ‘इथं काही मजा नाही’ म्हणत तुम्ही वाघाकडे निघाला होतात.

वाघ झोपला होता. कळावे.

आपला,
एमएच १९वाला