मूठ, दस्ता आणि कढीपत्ता

कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोच्या पूर्वेला, डोनटचं दुकान आणि दातांचा दवाखाना यांच्या मधल्या गाळ्यात बंदुकांचं दुकान होतं. डोनट खा, दात दाखवा, रायफल घ्या, पार्किंग एकच.

रायफल भाच्याला हवी होती. हा माझ्या बहिणीचा मुलगा लहानपणी दिवाळीत लवंगी माळ लागली की माजघरात पळायचा. आता अमेरिकेचा नागरिक झालाय. ऑफिसातली मंडळी शनिवारी नेमबाजीला जातात, तिथे दर वेळी भाड्याची रायफल घेऊन त्याला कंटाळा आलेला. "मामा, तू चलच," तो म्हणाला. "नियम वाचायची सवय आहे तुला." माझी हयात एका नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात गेली. घरात या गोष्टीचा मान पहिल्यांदाच कोणीतरी राखला होता, त्यामुळे गेलो.

दुकानदाराची दाढी छातीपर्यंत, कमरेला पिस्तूल, बोलणं मात्र अगदी मऊ. त्याने काचेच्या काउंटरवर काळी एआर-१५ ठेवली. मी हात पुढे केला, तशी त्याने ती अलगद आपल्याकडे ओढली आणि विचारलं, "सर, आपण इथे कुठल्या व्हिसावर?"

पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने अमेरिकेत बंदूक बाळगू नये असा केंद्राचा कायदा आहे. हा गृहस्थ तर ती हातातही द्यायला तयार नव्हता. "एक सूट आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे शिकारीचा परवाना असेल तर चालेल." म्हणजे मी नुसता बघायला आलेला निरुपद्रवी म्हातारा असेन तर हात लावायचा नाही, कुणाला तरी मारायला निघालोय असा सरकारी दाखला दाखवला की घ्या खुशाल. सौ. म्हणाली, "बरं झालं. घरी तुम्हाला नारळ फोडता येत नाही." आणि ती बाहेर डोनटच्या दुकानाकडे गेली.

मग दुकानदाराने नियम सांगायला घेतले. दोन वाक्यांत माझ्या लक्षात आलं, की मी घरी पोचलोय.

कॅलिफोर्नियात रायफल अर्धस्वयंचलित असेल आणि तिचं मॅगझीन सहज काढता-घालता येत असेल, तर तिच्या अंगावर काही ठरावीक अवयव असता कामा नयेत. खाली उतरणारी पिस्तुलासारखी मूठ नको. अंगठ्यासाठी भोक पाडलेला दस्ता नको. दुमडणारा किंवा मागेपुढे सरकणारा दस्ता नको. नळीच्या तोंडाशी ज्वाळा झाकणारं नळकांडं नको. पुढच्या हातासाठी दुसरी मूठ नको. ग्रेनेड फेकायचं साधन नको. (मी भाच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवून तसा काही विचार नसल्याचं सांगितलं.) यातला एक जरी अवयव सापडला तरी ती 'असॉल्ट वेपन' ठरते. एकही नसला तर ती 'फीचरलेस', आणि फीचरलेस रायफल काउंटरवर मिळते.

त्यामुळे या रायफलच्या मुठीमागे प्लॅस्टिकचा एक उभा पंखा बसवलेला होता. त्याला ते फिन म्हणतात. मूठ आहे, पण मुठीत धरता येत नाही. अंगठा पलीकडे वळतच नाही. नियमात व्याख्या अशी, की गोळी झाडताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं चापाच्या उघड्या भागाच्या वरच्या टोकाखाली जाता कामा नये. ही व्याख्या मी दोनदा वाचून घेतली. ज्या माणसाने ती लिहिली तो माझ्या टेबलाला टेबल लावून बसला असता, तर आम्ही दोघांनी मिळून शहरात एक संडास वाढू दिला नसता.

सरकणारा दस्ता खिळा ठोकून एका जागी कायमचा थांबवलेला होता. भाचा बुटका आणि भाचेसून त्याच्याहून चार बोटं उंच. दस्ता कुणाच्या मापाने थांबवायचा यावर दोघांत फोनवर जरा बोलणं झालं. भाचेसुनेच्या मापाने थांबला. ज्वाळा झाकणाऱ्या नळकांड्याऐवजी 'मझल ब्रेक' होता. तो धक्का कमी करतो आणि वायू दोन्ही बाजूंना फेकून शेजाऱ्यांचे कान बधिर करतो. शेजाऱ्यांच्या कानांविषयी कायदा गप्प आहे.

कायदा असा का, हे मात्र गमतीने सांगण्यासारखं नाही. इथून तासाभराच्या अंतरावर स्टॉकटन आहे. तिथे जानेवारी १९८९ मध्ये एका माणसाने शाळेच्या मैदानावर गोळ्या झाडल्या, पाच मुलं गेली. त्याच वर्षी राज्याने देशातला पहिला असा बंदी कायदा केला. त्यात बंदुकांची नावं लिहिली होती, तर कंपन्यांनी नावं बदलली. म्हणून १९९९ मध्ये नावांऐवजी अवयव मोजायचं ठरलं, तर कारागिरांनी अवयव बदलले. मॅगझीन सहज निघता कामा नये म्हटलं, तर 'बुलेट बटण' आलं. हे बटण बोटाने दाबलं जात नाही, हत्यार लागतं. आणि नियमातच बंदुकीची गोळी हे हत्यार धरलेलं होतं. गोळीचं टोक लावलं, की मॅगझीन हातात. २०१६ च्या कायद्याने ही पळवाट बुजवली. आता एकतर मॅगझीन पक्कं बसवा, म्हणजे रायफल उघडल्याशिवाय ते निघणार नाही, नाहीतर फिन लावा.

दुकानदार हे सगळं मोठ्या नवलाने सांगत होता आणि मला गहिवरून येत होतं. मुंबईत फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात धरत नव्हते, तेव्हा बिल्डरांनी खिडकीखाली एवढे फ्लॉवर बेड काढले की सगळी मुंबई गुलाबाने फुलायला हवी होती. फुललं काय? लोकांनी खिडकी पुढे नेली आणि त्यात पलंग टाकला. २०१२ मध्ये फ्लॉवर बेड मोजणीत घेतले, तोवर आर्किटेक्ट पुढच्या युक्तीला लागलेले. नकाशात 'फुलझाडे' लिहिलेल्या चौकोनावर मी स्वतः शिक्के मारलेत. फिन लावलेली ती मूठ पाहून मला सहकाऱ्यांची आठवण झाली.

"मग ही कशी चालते?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे लाकडी दस्त्याची एक साधी, सोज्वळ बंदूक टांगलेली होती. गावाकडे पाटलाच्या ओसरीवर शोभेल अशी. ती रूगरची मिनी-१४. गोळी साधारण तीच, तीही चापागणिक एक, मॅगझीनही निघतं. फक्त लाकूड जुन्या घडणीचं असल्यामुळे खाली उतरणारी मूठ नाही. ती काही न लावता, काही न काढता विकता येते. कोकणात रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याला आपलं सरकार निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला लावतं. त्या हुकुमात बंदूक दिसते कशी, हा मुद्दाच नसतो. मला ते जास्त कळतं. पण भाच्याला काळीच हवी होती. लाकडी बंदुकीचा फोटो ऑफिसात काय दाखवणार?

कागदपत्रं सुरू झाली तेव्हा मात्र माझीही छाती दडपली. आधी सुरक्षेची लेखी परीक्षा: तीस प्रश्न, तेवीस बरोबर हवेत. भाचा पास झाला. आयआयटीवाल्याने पेपर तपासायला देण्याआधी दोनदा पाहिला. मग खोट्या काडतुसांनी रायफल भरून आणि रिकामी करून दाखवण्याचं प्रात्यक्षिक. मग अर्ज, अंगठ्याचा ठसा, चापाचं कुलूप. गोळ्यांसाठी वेगळी चौकशी. आणि शेवटी दुकानदाराने घड्याळाकडे बघून मिनिटासकट वेळ लिहिली: बरोबर दहा दिवसांनी, याच वेळेनंतर या. डोकं थंड व्हावं म्हणून ही मुदत, असं तो म्हणाला. एवढे फॉर्म भरल्यावर डोकं तापतं ते कुणाच्या खाती?

त्या मुदतीत भाच्याने आम्हाला रीनो दाखवायला नेलं. घाट चढून, डोनर खिंड ओलांडून पुढे उतरलं, की नेवाडा राज्य लागतं आणि कायदा मागेच राहतो. तिथल्या दुकानात तीच काळी रायफल सगळ्या अवयवांनिशी मांडलेली. नेवाडाच्या माणसाची चौकशी निर्वेध पार पडली, की तो ती त्याच दिवशी घेऊन जातो. भाच्याने उगाच किंमत विचारली. विक्रेत्याने लायसन्स पाहिलं, वर 'कॅलिफोर्निया' वाचलं आणि रायफल हळूच कपाटात परत ठेवली. परराज्यातल्या माणसाला रायफल विकायची, तर दोन्ही राज्यांचे कायदे पाळावे लागतात. त्याच्या चेहऱ्यावर जी दया होती, ती मी आजवर फक्त समाचाराला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलीय.

रीनोत भाचेसुनेची मैत्रीण राहते. तिने निघताना सौ.ला कुंडीतलं कढीपत्त्याचं रोप दिलं. परतीच्या वाटेवर ट्रकी गावाजवळ महामार्गावर नाका आहे. सगळ्या गाड्या थांबवतात. मी पोटात गोळा घेऊन बसलो. म्हटलं, आता बंदुकांची झडती होणार. अधिकारी बाई खिडकीशी वाकली आणि हसून म्हणाली, "फळं, भाज्या, रोपं काही?"

बंदुकीचं नावही नाही. हा शेतीखात्याचा नाका. आणि सौ.च्या मांडीवर कुंडी.

बाईंचं हसू मावळलं. लिंबू-संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करणारा एक रोग आहे, तो पसरवणारी कीड कढीपत्त्यावर वाढते. ती २००८ मध्ये या राज्यात शिरली आणि म्हणून हे झाड आत नेता येत नाही, असं तिने शांतपणे समजावलं. मी सरकारी नोकर, मला पटलं. सौ.ला पटलं नाही.

"अरे, तिला विचार," ती भाच्याला म्हणाली, "सगळी पानं काढून नुसती काडी नेली तर?"

भाचा कुंडी बाईंच्या हातात देत म्हणाला, "नाही चालत मामी. कढीपत्ता फीचरलेससुद्धा नाही चालत."