शंभर नंबरी निकाल

दहावीचा निकाल लागला की चौकात फ्लेक्स झळकतो : 'शंभर टक्के निकालाची उज्ज्वल परंपरा'. छोट्या सरकारी हायस्कुलाला ही परंपरा राखणं फार अवघड नाही. नववीतच कच्ची पोरं हेरायची, बापाला चहा पाजायचा आणि 'यंदा १७ नंबरचा फॉर्म भरा, तुमच्याच भल्याचं आहे' असं गळी उतरवायचं. पोरगं बाहेरून बसतं; आपटलंच तर शाळेच्या टक्केवारीवर ओरखडा नाही. उरलेल्यांना पासापुरते ३५ हवेत, त्यातले २० शाळेच्याच हातात. हिशेब लावा.

खरी करामत पटाची. बीडकडे दिवाळीच्या आगेमागे आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर निघतात, पोरंही गाडीत बसतात. वर्ग ओस, यू-डायस या सरकारी माहिती-नोंदीत मात्र गर्दी. जात, धर्म, मातृभाषा, अपंगत्व, सगळ्याला रकाना आहे. मूल आत्ता कोणत्या फडात मोळ्या बांधतंय, एवढंच विचारायचं राहून गेलंय. उलट समोरच्या बाकावर बसलेल्या पोरीचं आधारवरचं नाव जुळलं नाही, तर शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत ती नाहीच! म्हणजे नसलेली हजर, असलेली गैरहजर. त्यात पट घटला की शिक्षक घटतो, मग पीटीचे सर गणित घेतात. (शिट्टी गळ्यात असतेच, वर्ग शांत राहतो.)

पुढचा फ्लेक्स दिसला की थांबा, आणि मुख्याध्यापकांना दोनच आकडे विचारा : आठवीत किती होते, दहावीला किती बसले?