हवेचं बिल
सिलिंडर दारात आला की आपण एकदम व्यवहारी होतो. सील बघतो, वॉशर तपासायला लावतो, आणि शेजारणीने आधीच कान भरले असतील तर काट्यावर वजनही करून घेतो. आत १४.२ किलो गॅस हवा म्हणजे हवाच. पण तो जाळायला जो दुसरा जिन्नस लागतो, त्याचं वजन कुणी विचारत नाही. फुकटच्या मालाची पावती कोण मागणार?

हिशेब मात्र गमतीचा आहे. सिलिंडरमध्ये प्रामुख्याने ब्यूटेन आणि प्रोपेन असतात. ब्यूटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ अणू आणि हायड्रोजनचे १०. पूर्ण जळायचं तर कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचा अख्खा रेणू लागतो. हायड्रोजन काटकसरी, त्याचे चार अणू एका रेणूत भागवतात. म्हणजे चार अधिक अडीच, साडेसहा. आता अर्धा रेणू आणायचा कुठून, असं वर्गात कुणीतरी विचारतंच. गुरुजी त्यावर वाद घालत नाहीत, सगळंच दुप्पट करून टाकतात: ब्यूटेनचे २, ऑक्सिजनचे १३.

वजनात मांडलं तर ५८ किलो ब्यूटेनला २०८ किलो ऑक्सिजन, म्हणजे किलोला साडेतीन किलोहून थोडा जास्त. प्रोपेनचंही जवळपास तेवढंच. औटकी पाठ असलेल्या जुन्या माणसांनी हे गणित पान लावता लावता सोडवलं असतं. आम्हाला मोबाइल काढावा लागतो. उत्तर येतं, एका सिलिंडरला सुमारे ५१ किलो ऑक्सिजन. तोही सुटा मिळत नाही. हवेत वजनाने त्याचा वाटा २३ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक नायट्रोजन. हा नायट्रोजन वऱ्हाडातल्या लांबच्या पाहुण्यासारखा: कामाला हात लावत नाही, पण आपल्या खर्चाने शेकून निघतो. त्याला धरून एका सिलिंडरला साधारण २२० किलो हवा लागते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या सहा-सात खोल्या भरतील इतकी!

मग आपण म्हणतो, गॅस संपला. संपतो कुठला? त्याचा सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि मोठी बादली भरेल एवढ्या पाण्याची वाफ. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचं काहीतरी निघून जातं, असं एके काळी मोठमोठे विद्वान मानत. पॅरिसच्या लाव्हाझिएने तराजू पुढे ओढला आणि दाखवून दिलं की उलट हवेतलं काहीतरी येऊन मिळतं. हा गृहस्थ करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता. जमाखर्चाची सवय विज्ञानाच्या कामी आली. १७९४ मध्ये त्याच करवसुलीपायी त्याला गिलोटिनवर जावं लागलं.

चुलीपुढच्या आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. धूर झाला की ती फुंकणी उचलायची, बस्स. आता फुंकणीचं काम बर्नर करतो. बारीक छिद्रातून जोरात सुटणारा गॅस जाता जाता हवा ओढून घेतो. ज्योत निळी असेल तर हिशेब जुळला. पिवळी झाली, पातेल्याचं बूड काळं पडलं, तर हवा कमी पडतेय. तेव्हा कंपनीला नावं ठेवण्याआधी बर्नर घासावा.

काळं बूड घासून निघतं. पण हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. या विषाला तशी सोय नाही. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावून अंघोळीला गेलेली माणसं याच कारणाने दगावली आहेत. म्हणून एवढं कराच: गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या, आणि थंडी कितीही असो, स्वयंपाकघराची खिडकी बंद करू नका.