नवी घ्यावी की वापरलेली?

आपल्याकडे शिकारीची रायफल घ्यायची म्हणजे एकतर सरकारी कारखान्यातली नवी .३१५, नाहीतर कुणाच्या तरी आजोबांची विलायती. नवीची नळी कोरी, पण बोल्ट ओढताना हात भरून येतो. विलायतीचा अक्रोडी दस्ता तेल पिऊन काळपट झालेला, आणि नळीत डोकावलं तर आतल्या खाचा निम्म्या झिजलेल्या. तरी भाव हिचाच चढा! ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाली, तेव्हापासून जुन्या विलायती मॉझर रायफलीचं वय वाढेल तसा मान वाढतो. हे भाग्य एरवी फक्त पुढाऱ्यांचं. विकणारा नळीची हमी देत नाही, आजोबांनी मारलेल्या वाघाचा फोटो मात्र दाखवतो. वाघ दरवेळी दहा फुटीच.

मारायचं काय, हे विचारू नये. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती, एवढ्यात हौशी शिकारीचा निकाल लागला. परवाना मागायचा तो स्वसंरक्षणासाठी, नाहीतर पिकाच्या राखणीसाठी. त्यातही निवडणूक लागली की ठाण्यातून फोन येतो, "साहेब, हत्यार जमा करा." जमा करताना दस्त्यावरचे ओरखडे मोजून पावतीवर लिहून घ्यावेत, निकालानंतर ते वाढलेले असतात.